वन-व्ही-वनमध्ये अजिंक्य, रँक मात्र तिथेच

पत्र : मी 17 वर्षांचा आहे. पाच विरुद्ध पाच असा शूटर गेम खेळतो. वन-व्ही-वनमध्ये, म्हणजे एकास एक लढतीत, मला माझ्या ओळखीतलं कुणी हरवू शकत नाही, माझ्यापेक्षा वरच्या रँकचे सुद्धा. पण रँक्ड मॅचमध्ये वर्षभर एकाच जागी अडकलोय, कारण रँडम टीम मिळते आणि त्यांना काही कळत नाही. नुसती आरडाओरड असते, म्हणून मी माइक बंदच ठेवतो. खरं कौशल्य वन-व्ही-वनमध्येच दिसतं ना? टीम सोडून ड्युएल (एकास एक लढती) खेळणारा प्रो व्हावं आणि त्यासाठी शिक्षणातून एक वर्ष ब्रेक घ्यावा असं वाटतं. घरचे तयार नाहीत. तुम्ही काय सांगाल?

उत्तर : मित्रा, तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू ओघात लिहून गेलास. माइकचं. त्याकडे येतो, पण आधी तुझं जे बरोबर आहे त्याबद्दल.

ड्युएलमध्ये हरल्यावर बोट दाखवायला दुसरं कुणी नसतं. म्हणून शिकण्यासाठी ते उत्तमच. व्यावसायिक गेमिंगच्या सुरुवातीच्या गाजलेल्या लढतीही एकास एक अशाच होत्या. 1997 मध्ये ‘क्वेक’च्या एका स्पर्धेत डेनिस फाँग जिंकला आणि गेमच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जॉन कारमॅकची फेरारी घेऊन घरी गेला. मात्र ते ड्युएल काय असतं हे नीट बघ. त्याच मालिकेतल्या ‘क्वेक लाइव्ह’मध्ये लाल आर्मर (चिलखत) उचलल्यावर 25 सेकंदांनी परत येतं, मेगा हेल्थ (जीव वाढवणारी वस्तू) 35 सेकंदांनी. चांगला खेळाडू मारामारी चालू असताना ही दोन्ही घड्याळं डोक्यात चालवतो आणि प्रतिस्पर्धी त्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधतो. तुमचं वन-व्ही-वन बहुधा असं नसतं. छोटा मॅप, ठरलेली बंदूक, ना आड करायला धुराचे स्मोक, ना पुढच्या राउंडसाठी पैसे वाचवायची चिंता. त्यात तू जिंकतोस म्हणजे तुझा नेम आणि रिफ्लेक्स चांगले आहेत. एवढंच त्यातून सिद्ध होतं. हे कमी नाही, पण तू त्यावरून जो निष्कर्ष काढतोयस तो निघत नाही.

एक उदाहरण देतो, मला ते फार आवडतं. 2017 च्या ऑगस्टमध्ये ओपनएआयच्या बॉटने, म्हणजे स्वतः खेळणाऱ्या प्रोग्रॅमने, ‘डोटा 2’ या एरवी पाच विरुद्ध पाच खेळल्या जाणाऱ्या गेमच्या वन-व्ही-वनमध्ये डेंडीला हरवलं. डेंडी म्हणजे 2011 च्या ‘द इंटरनॅशनल’ या डोटाच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेतल्या विजेत्या संघातला खेळाडू. सगळीकडे गाजावाजा झाला. पुढच्या वर्षी त्याच कंपनीचा पाच बॉट्सचा संघ व्यावसायिक संघांपुढे उतरला आणि दोन्ही सामने हरला. ‘द इंटरनॅशनल’च्या तेव्हाच्या विजेत्या ‘ओजी’ संघाला हरवायला 2019 चा एप्रिल उजाडला, तेही मोजकेच हिरो (गेममधली पात्रं) वापरायच्या अटीवर. न थकणाऱ्या, न चिडणाऱ्या यंत्रालासुद्धा एकट्याच्या लढतीपासून पाच जणांच्या लढतीपर्यंत पोचायला दीड वर्षाहून जास्त काळ लागला. गेम तोच होता, काम मात्र वेगळं होतं.

शूटरमध्येही तसंच आहे. टीम मॅचमध्ये निव्वळ समोरासमोरची बरोबरीची लढत मुळात होऊच द्यायची नसते. फ्लॅश ग्रेनेड टाकून दुसऱ्याला क्षणभर आंधळं करायचं, दोघांनी दोन कोनांतून बाहेर यायचं, आपला एक पडला तर मागच्याने लगेच मारणाऱ्याला टिपून ट्रेड घ्यायचा. म्हणजे तुझी ड्युएलची ताकद जिथे वापरायचीच वेळ येऊ नये, तो चांगला राउंड! आणि तशी वेळ आलीच, समोर एक आणि आपणही एकटेच उरलो, की त्याला क्लच म्हणतात. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या ॲस्ट्रालिस संघाने 2017 ते 2019 मध्ये चार मेजर, म्हणजे त्या गेमच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकल्या. त्यांच्यात क्लचसाठी सगळ्यात जास्त नावाजला गेला तो आंद्रेआस होय्स्लेथ, आणि त्याची भूमिका होती सपोर्टची. इतरांसाठी फ्लॅश टाकणारा, मागे राहणारा खेळाडू. हे तुझ्या डोक्यात बसलेल्या चित्रापेक्षा उलटं आहे.

आता तुझी तक्रार. तुझ्या टीममध्ये रँडम खेळाडू चार असतात, समोरच्या टीममध्ये पाच. एका मॅचमध्ये तुझं नशीब वाईट असू शकतं. वर्षभराच्या मॅचेसमध्ये नाही. तू खरोखर त्या रँकच्या वरचा असतास तर एव्हाना वर गेला असतास. त्या सगळ्या मॅचेसमध्ये कायम असलेला खेळाडू एकच, तो म्हणजे तू, आणि तो माइक बंद ठेवून खेळतो. ‘दोघे ए साइटला, एकाला लो केलंय’ (दोघे मॅपच्या ‘ए’ भागात, एकाचा जीव थोडाच उरलाय) एवढं न सांगता तू मेलास तर तुझ्या मरण्याचा टीमला काडीचा उपयोग झाला नाही. शिव्या देणाऱ्याला म्यूट कर, बेलाशक कर. पण स्वतःची माहिती देणं थांबवू नकोस. ट्रायल घेणारे संघ किल्स बघतातच, पण हरत असतानाचा तुझा आवाजही ऐकतात.

तरीही एकट्यानेच खेळायचं असेल तर खरा रस्ता आहे, पण तो तुझ्या गेममधून जात नाही. टीम शूटरमध्ये निव्वळ ड्युएलवर कुणाचं करिअर उभं राहत नाही. त्यासाठी ‘टेकन’, ‘स्ट्रीट फायटर’ किंवा ‘स्टारक्राफ्ट 2’कडे वळावं लागेल, म्हणजे जवळपास शून्यापासून सुरुवात. फायटिंग गेम्समध्ये दार सगळ्यांना उघडं असतं. ‘इव्हो’ या फायटिंग गेम्सच्या मोठ्या स्पर्धेत फी भरून कुणीही नाव नोंदवू शकतो, दोनदा हरला की बाहेर. वयाचा धाकही कमी. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये ‘स्ट्रीट फायटर 5’चं सुवर्ण किम ग्वान-वूने जिंकलं, तेव्हा तो 44 वर्षांचा होता. दुसरी बाजू अशी, की महिन्याला पगार देणारे संघ तिथे मोजके, आणि प्रवासाचा खर्च बहुतेकांना स्वतःच्या खिशातून. शिवाय ‘एकटा’ हा शब्दही तिथे फसवा आहे. ‘टेकन 7’मध्ये 2019 साली ‘इव्हो जपान’ आणि ‘इव्हो’ दोन्ही जिंकणाऱ्या पाकिस्तानच्या अर्स्लान ॲशने जिंकल्यावर आपल्या देशातल्या, जगाला तेव्हा माहीत नसलेल्या तगड्या खेळाडूंबद्दल सांगितलं होतं. त्यांच्याशी खेळूनच तो तयार झाला. माणसांचा कंटाळा आला म्हणून ड्युएलकडे वळणार असशील तर तिथेही माणसंच भेटतील.

ब्रेकबद्दल स्पष्टच सांगतो : आत्ता नको. एखादा संघ लेखी करार आणि पगार देऊ करतो, तेव्हा हा प्रश्न उभा राहतो. आज तुझ्याकडे ओळखीतल्यांना हरवल्याचा पुरावा आहे, एवढाच. त्याऐवजी पुढचे काही महिने पाच जणांची कायमची टीम बांध, ठरलेल्या दिवशी स्क्रिम (दुसऱ्या टीमबरोबर सराव सामने) खेळ, आणि हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग टीमबरोबर बसून बघ. फक्त स्वतःचे मृत्यू बघायचे, दुसऱ्यांचे नाहीत. छोट्या ऑनलाइन स्पर्धांमध्ये नाव घाल. या कामात रमलास तर खेळाडूखेरीज कोच आणि ॲनालिस्ट हेही रस्ते दिसतील. आणि टीममधल्या एकेकाचं कौशल्य कसं मोजायचं हा प्रश्नच तुला खुणावत असेल, तर मायक्रोसॉफ्टने ‘ट्रूस्किल’ ही रेटिंग पद्धत नेमकी त्यासाठी बनवली आहे. तिच्या मागे संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग आहे, म्हणजे कॉलेज आलंच.

घरच्यांना ‘प्रो व्हायचंय’ असं सांगत बसू नकोस. कोणत्या दिवशी, किती तास, कुणाबरोबर सराव करणार ते कागदावर लिहून दे. स्क्रिम बहुतेक रात्री असतात आणि भांडणं त्या वेळेवरूनच होतील, तेव्हा झोपेची वेळ आधी ठरवून घे.