मानवोत्तर, मानवेतर की उत्तरमानवी?

प्रश्न असा आलाय: एका प्रदर्शनाची माहिती मराठीत करताना 'पोस्टह्यूमन आर्ट'ला, म्हणजे माणसाला केंद्रस्थानी न मानणाऱ्या, माणूस आणि बाकी सृष्टी यांतली सीमा पुसणाऱ्या कलेला, काय म्हणावं? 'मानवोत्तर कला' की 'उत्तरमानवी'? आणि कलाकृती माणूस-निसर्ग नात्यावरच्या आहेत, तर सरळ 'मानवेतर' का नको?

'मानवेतर' आधी बाद करू. मानव अधिक इतर, म्हणजे माणूस सोडून बाकी सगळे: वाघ, बाभूळ, बुरशी. या कलेला शंका आहे ती नेमकी त्या 'सोडून'चीच. शिवाय मानवेतर आणि मानवोत्तर एकाच पानावर आले, तर मुद्रितशोधकाची धडगत नाही.

'मानवोत्तर' व्याकरणाला धरून आहे, पण मागे लागणारा 'उत्तर' मराठीत बहुधा आधीची गोष्ट संपवून पुढे जातो. मरणोत्तर, युद्धोत्तर, साठोत्तरी. त्या चालीने मानवोत्तर म्हणजे माणूस नामशेष झाल्यावरचं जग. 'लोकोत्तर'च्या चालीने वाचलं तर माणसापेक्षा थोर कुणीतरी. पण त्यासाठी 'अतिमानव' आहेच.

आता प्रत्यक्ष कलाकृती बघा. पॅट्रिशिया पिचिनीनी या ऑस्ट्रेलियन शिल्पकर्तीचं 2002चं 'द यंग फॅमिली'. पुढच्या वर्षी ते व्हेनिस बिएनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात होतं. अर्धी बाई, अर्धी डुकरीण अशी एक आई कुशीवर पडलीय, पिल्लं अंगावर पितायत. सिलिकॉनची कातडी सुरकुतलेली, लोंबते कान, वर खऱ्या माणसाचे केस लावलेले. पाहणारा दचकतो तो तिच्या परकेपणाने नव्हे. बाळंतिणीचा थकवा त्याला ओळखीचा वाटतो म्हणून. इथे माणूस संपलेला नाही, डुकरिणीत मिसळलाय.

म्हणून माझं मत 'उत्तरमानवी'ला. पुढे लागणारा 'उत्तर' त्याच गोष्टीचा पुढचा टप्पा दाखवतो. उत्तररात्र ही रात्रच असते, उत्तरायुष्य हे आयुष्यच आणि उत्तरपेशवाईतही गादीवर पेशवेच होते.

एदुआर्दो काट्झ या ब्राझिली-अमेरिकी कलावंताचं 'एडुनिया' हे फूल (2003 ते 2008) याच जातीचं. त्याने स्वतःच्या रक्तातून वेगळा काढलेला एक जनुक पेटुनियाच्या रोपात घातला, तोही असा की त्याचा परिणाम फक्त शिरांत व्हावा. गुलाबी पाकळ्यांवरच्या तांबड्या शिरा दिसतात त्या फुलाच्या, पण जनुक माणसाचा. याला 'मानवेतर' तरी कसं म्हणणार?

दोन पथ्यं मात्र पाळा. शब्द जोडूनच लिहा. 'उत्तर मानव' असा तोडलात तर वाचक उत्तर भारताकडे बघू लागेल. दुसरं, 'पोस्टह्यूमनिझम'साठी 'उत्तरमानवतावाद' लिहिताना जपून. आपल्याकडे 'मानवतावादी मदत' पूरग्रस्तांना जाते, म्हणजे मानवतावाद म्हटलं की आधी कणव आठवते. त्या कणवेचाच पुढचा टप्पा असा भलताच अर्थ निघेल. फलकावर एवढा 'वाद' लागतोच कशाला? 'माणूस केंद्रस्थानी न मानणारा विचार' असं उलगडून लिहा. चार शब्द जास्त गेले तरी चालतील. नावाच्या ओळीत 'उत्तरमानवी कला' पुरे.