‘ग्रिडायर्न’मध्ये लोखंड नाही

प्रश्न असा: अमेरिकेतल्या सेंट लुईस विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या 1906 च्या हंगामाबद्दल वाचताना ‘ग्रिडायर्न’ (या खेळाचं मैदान) हा शब्द आला. तो खेळाडूंच्या तोंडावरच्या लोखंडी जाळीवरून पडला का? आणि मराठीत काय म्हणावं?

तोंडावरच्या जाळीवरून नक्कीच नाही. हे उत्तर क्रीडापानांवर इतक्यांदा वाचायला मिळतं की आता चीड येते. 1906 मध्ये चामड्याची टोपीसुद्धा ऐच्छिक होती. लोखंडी जाळी कुठून आणणार? नाव त्याआधीचं, मैदानाच्या आखणीवरून पडलेलं. 1882 मध्ये नियम आला की तीन डावांत (म्हणजे चेंडू पुढे न्यायच्या तीन प्रयत्नांत) 5 यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू सोडा. 5 यार्ड झाले की नाही हे पंचाला दिसावं म्हणून दर 5 यार्डांवर आडव्या फक्कीच्या रेघा मारल्या. समांतर रेघांचं ते मैदान मांस-मासे भाजायच्या समांतर गजांच्या चौकटीसारखं दिसू लागलं. ती चौकट म्हणजे ग्रिडायर्न. आपली पापड भाजायची जाळी उभ्या-आडव्या तारांची असते, म्हणून ‘जाळीचं मैदान’ हे भाषांतर चुकतं.

आता खरी गंमत. ‘ग्रिड’ अधिक ‘आयर्न’ अशी फोड करणाऱ्यांनी जुन्या इंग्रजीकडे पाहिलेलंच नाही. मध्ययुगीन रूप ‘ग्रेडिरे’, म्हणजे ‘ग्रिडल’चाच (तव्याच्या इंग्रजी शब्दाचाच) भाऊ. शेवटच्या ‘इरे’चा अर्थ लागेना, भांडं तर लोखंडाचं, म्हणून लोकांनी तिथे ‘आयर्न’ बसवलं. छावणीतल्या पहारेकऱ्यांनी ‘हू कम्स देअर’चं ‘हुकुमदार’ केलं, तीच ही प्रक्रिया. ‘ग्रिड’ हा सुटा शब्द तर या जोडशब्दाचं शेपूट तोडून एकोणिसाव्या शतकात निघाला. आधी ग्रिड होतं आणि त्याला लोखंड जोडलं, ही मांडणी साफ उलटी आहे.

मूळ लॅटिन ‘क्रातिकुला’, म्हणजे लहानशी ‘क्रातिस’: विणलेली कामटी, कूड. खिडकीचं ग्रिल तिथलंच, आणि बहुधा आंब्यांचा क्रेटही. काही व्युत्पत्तीकार ‘क्रातिस’ला वळणं-गुंफणं या अर्थाच्या धातूशी जोडतात. संस्कृत ‘कृत्’ (कृणत्ति, सूत काढतो) त्याच धातूचा मानतात, आणि आपलं ‘कातणे’ त्या कुळातलं. सगळ्यांना हे मान्य नाही, मला पूर्ण पटतं: विणकामाचा शब्द चुलीवर गेला, चुलीवरून मैदानावर.

नाव 1906 च्या मैदानावर उभ्या-आडव्या रेघांनी झालेल्या चौकड्यांमुळे पडलं, हेही काही जण ठासून सांगतात. तेही चूक. उभ्या रेघा 1903 पासून, आधी मैदानाच्या काही भागात आल्या. 1906 मध्ये पुढे फेकलेला पास कायदेशीर झाला, पण चेंडू जिथून खेळात आला तिथून डावी-उजवीकडे निदान 5 यार्ड लांबूनच त्याने झुंजरेषा (डाव सुरू होताना दोन्ही संघ समोरासमोर ठाकतात ती रेषा) ओलांडायला हवी होती. हे अंतर मोजायला उभ्या रेघा हव्याच होत्या, म्हणून त्या काळचं मैदान बुद्धिबळाच्या पटासारखं दिसे. 1910 मध्ये त्या गेल्या, आडव्या राहिल्या, आणि जुनं नाव पुन्हा नेमकं बसलं.

सेंट लुईसने 5 सप्टेंबर 1906 ला कॅरोल कॉलेजविरुद्ध वॉकेशात असा पास टाकला. ब्रॅडबरी रॉबिन्सनचा पहिला पास कुणाचाही हात न लागता पडला, आणि नियमानुसार चेंडू थेट कॅरोलकडे गेला. त्यानंतरचा 20 यार्डांचा पास जॅक श्नायडरने झेलून टचडाउन केलं, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला. टचडाउनचे तेव्हा 5 गुण होते, 6 झाले 1912 मध्ये. प्रशिक्षक एडी कोकम्स यांचा हा संघ हंगामात 11 पैकी 11 सामने जिंकला, एकूण 407 गुण केले, प्रतिस्पर्ध्यांना दिले फक्त 11.

मराठीत ‘ग्रिडायर्न’च लिहा. 1906 चं मैदान वर्णायचं असेल तर ‘चौकडीचं मैदान’ म्हणा, आजच्याला मात्र ते लावू नका.