डॉक्टर नाहीत म्हणून दारातनं परत फिरू नका

या वेळची बरीच पत्रं एकाच गोष्टीवर आलीयेत, सरकारी दवाखान्यात इतकी माणसं दिसतात पण कोणाला काय विचारायचं तेच कळत नाही. त्यातली चार घेते.

प्रश्न : ताई, आमच्या गावच्या उपकेंद्रात डॉक्टर कधीच नसतात, एक मॅडम बसतात, त्याच बीपी बघतात आणि गोळ्यापण देतात. आईला बीपी आहे. त्यांच्याकडनं गोळ्या घेतलेल्या चालतील का दर महिन्याला चोपड्याला न्यावं? एसटीनं जाऊन यायला अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते ती वेगळीच.
- चोपडा तालुका

उत्तर : चालतील भाऊ. त्या मॅडम बहुतेक सीएचओ असतील, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. आपल्याकडे माणूस दारातूनच "डॉक्टर शे का?" विचारतो आणि नाही म्हटलं की तसाच मागे फिरतो, पण उपकेंद्रात डॉक्टर रोज बसायचाच नसतो, त्याची जागा पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात. सपाट भागात साधारण 30 हजार लोकांमागे एक पीएचसी आणि 5 हजारांमागे एक उपकेंद्र असा सरकारी हिशोब आहे, सातपुड्यासारख्या डोंगरी-आदिवासी भागात तोच 20 हजार आणि 3 हजार. 2018 ला आयुष्मान भारत आलं त्यानंतर उपकेंद्रांवर सीएचओ बसायला लागले, कोणी बीएएमएस, कोणी नर्सिंग केलेले. तेव्हा "नुसती नर्सबाई" म्हणून नाक मुरडू नका.

त्यांचं काम काय तर 30 वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी-शुगर बघायचं, तोंडाच्या आणि बायकांच्या कॅन्सरची पहिली तपासणी करायची, आणि पीएचसीच्या डॉक्टरांनी एकदा गोळी ठरवून दिली की ती दर महिन्याला द्यायची, बीपी किती आलं ते लिहून ठेवायचं. मध्येच डॉक्टरांना विचारायची वेळ आली तर ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर सेवेवर, व्हिडिओ कॉल लावून देतात (रेंज असली तर, ती आपल्याकडे कशी असते ते तुम्हाला माहितीच आहे).

फक्त एक विचारून घ्या, आईची गोळी पहिल्यांदा कोणी सुरू केली? डॉक्टरांनी तिला बघितलंच नसेल तर एकदा पीएचसीत नेऊन रक्त-लघवी तपासून आणा, मग महिन्याच्या गोळ्या गावातच घ्या. गोळ्या चालू असून बीपी खाली येत नसेल तर परत डॉक्टर. उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात जातो तेव्हा चक्कर, जुलाब, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी सीएचओंना सांगा, मनानं गोळी बंद करू नका. आणि छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला तर उपकेंद्र नाही, सीएचओ नाही, सरळ 108.

प्रश्न : आमच्याकडे सिकलसेलची तपासणी झाली. आशाताई म्हणते तू एएस आहे, काही होत नाही. सासू म्हणते हिला रोग आहे. कोणाचं खरं?
- धडगाव

उत्तर : सिकलसेल म्हणजे आईबापांकडनं येणारा रक्ताचा आजार. आशाताईचं अर्धं खरं आणि सासूबाईंचं अजिबात नाही. गावात होते ती सोल्युबिलिटीची झटपट टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली की रक्त पुढे पक्क्या तपासणीला (इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी) जातं, आणि एएस म्हणजे वाहक का एसएस म्हणजे रोगी हे तिथेच ठरतं. म्हणून आधी लॅब टेक्निशियनकडनं कागदी रिपोर्ट मागा, तोंडी ऐकून घरात भांडणं नको. रिपोर्टवर खरंच एएस असेल तर तुम्ही वाहक आहात, रोगी नाही, त्याला औषध लागत नाही. पण आता नवऱ्याची टेस्ट झालीच पाहिजे, त्याला सिस्टरनी किंवा सीएचओंनी बोलावून घ्यावं. दोघं एएस निघाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस असायची शक्यता चारात एक असते, म्हणजे पहिलं चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याचं नक्की असं नाही. दिवस राहिलेले असतील तर पहिल्या तपासणीलाच हे सिस्टरांना सांगा. एसएस माणसाचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध मात्र डॉक्टरच ठरवतात, ते आशाचंही काम नाही आणि सिस्टरचंही नाही. आणि सासूबाईंना म्हणावं मुलाला हा रोग होतो तो आई आणि बाप दोघांकडनं आला तरच, तुमच्या मुलाची टेस्ट झाली का आधी ते बघा!

प्रश्न : आमच्या खाजगी डॉक्टरांचा कंपाउंडर फोनवरच गोळी बदलून सांगतो, डॉक्टर नसले तर इंजेक्शनही मारतो. वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव आहे त्याला. चालतं ना?
- अमळनेर

उत्तर : नाही. अनुभव पुड्या बांधायचा आहे, रोग ओळखायचा नाही. गोळी बदलायची ती डॉक्टरांनी. मेडिकलवालाही चिठ्ठीवरचं औषध मनानं बदलू शकत नाही, आणि तो तर रजिस्टर्ड फार्मासिस्ट असतो. इंजेक्शनचं तर मला आपल्या लोकांनाच बोलायचंय, साध्या सर्दीला "सुई द्या, सलाईन लावा" म्हणून आपणच मागे लागतो, मग तो कंपाउंडर तरी हात का आखडेल?

प्रश्न : आशाताईला प्रत्येक वेळी काही द्यावं लागतं का? आणि बाळाला लस तीच देते का?
- शिरपूर

उत्तर : काही द्यायचं नाही. तिला सरकारकडनं कामाप्रमाणे मोबदला मिळतो, तो वेळेवर मिळतो का हा वेगळा विषय. केसपेपरचे पैसेही 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत बंद झालेत. लस सिस्टर देतात, म्हणजे एएनएम, आशाताई फक्त तारीख सांगून तुम्हाला घरातून बाहेर काढते. लसीचं कार्ड सोबत न्या, ते नसलं की सिस्टरांना रजिस्टर चाळत बसावं लागतं आणि मागे सगळी लाइन ताटकळते.