सवलत दिलीत, तर हिशेब मागा

प्रिय मुली,

तुझ्या प्रबंधाबद्दलचं पत्र वाचलं. ‘आपल्या लोकांत मुळात शिस्तच नाही, म्हणून दक्षिण कोरियाला जमलं ते आपल्याला जमणार नाही,’ या वाक्यावर अडलो. खरं सांगतो, रागही आला.

कोरिया गरीब होता तेव्हा विद्वान मंडळी प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसच्या शिकवणीला दोष देत: पोथ्यांत रमणारी, व्यापाराला हलकं लेखणारी माणसं. देश वर आला आणि श्रेयही त्याच शिकवणीला मिळालं. अपयशाचं कारण तेच आणि यशाचंही तेच? मग ते कारण कसलं!

बदललं ते वेगळंच. १९५०च्या सुमारास जमिनीचं फेरवाटप झालं, जमीनदारांचा वर्ग मोडला, कुळांची पोरं शाळेत गेली. १९६१ मध्ये बँका सरकारच्या हाती आल्या. स्वस्त कर्ज मिळे, पण निर्यात करून दाखवणाऱ्याला. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही स्वतः दरमहा बैठकीत बसून आकडे विचारत. १९६४ मध्ये निर्यात १० कोटी डॉलर होती, १९७७ मध्ये १,००० कोटी. सवलत घेतलीस, आता हिशेब दे. बस, एवढंच.

पोहांगच्या पोलाद कारखान्याचं बघ. १९७७ मध्ये तिथल्या एका बांधकामातलं काँक्रीट निकृष्ट निघालं. प्रमुख पार्क ते-जुन यांनी डागडुजी केली नाही; बरंचसं उभं राहिलेलं काम सुरुंग लावून उडवलं. हिशेब असा मागतात!

समित्यांवर मी वर्षानुवर्षं हेच बोललो: सवलतीला मुदत घाला, अट मोडली की ती काढून घ्या. मला हेकट म्हणाले. म्हणोत. मुदतीविना दिलेल्या सवलती पुढे हक्क झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अजूनही तेच बोलेन.

पण भाबडी होऊ नकोस. हा हिशेब मालकाला विचारला गेला, मालकाकडून मजुरासाठी मागितला गेला नाही. श्रम कायदा १९५३ पासून कागदावर होता. तो पाळा, एवढंच मागत चॉन ते-इल या शिंपीकाम करणाऱ्या तरुणानं १९७० मध्ये सोलच्या बाजारात स्वतःला पेटवून घेतलं. वय २२. तुझ्याहून लहान गं. हे प्रबंधात तळटीप म्हणून टाकलंस तर मी वाचणार नाही.

स्वभावावरचं प्रकरण काढून टाक. कर्ज कुणाला, कोणत्या अटीवर, आणि अट मोडल्यावर काय झालं, ते शोधून पुढच्या पत्रात लिही.

तुझा,
काका