प्रश्न तुमचे: ओल्या डोंगरातली सायकल

आम्ही तिघे मित्र दक्षिण गोव्यात सांगे-नेत्रावळी भागात तीन दिवसांची बाइकपॅकिंगची, म्हणजे सामान सायकलवरच बांधून, सफर आखतोय. धबधबे भरलेले असतात म्हणून जुलै धरलाय. सपाटीवर आम्ही दिवसाला 100 किलोमीटर सहज मारतो. डोंगरात कच्च्या वाटेने रोज 60 धरले तर चालतील का? (मडगाव)

साठ जमणार नाहीत, आणि जुलै तर नकोच. सामानासकट, ओल्या कच्च्या वाटेवर, चढ-उतार धरून ताशी सरासरी 6 ते 8 किलोमीटर पडते. मध्येच सायकल ढकलावी लागते, ओहळाकाठी थांबावे लागते, चिखल खरवडावा लागतो. दिवसाला 25 ते 30 किलोमीटर धरा. सकाळी सातला निघा आणि दुपारी दोनपर्यंत मुक्कामाजवळ पोहोचायचे, असा हिशेब ठेवा. ढगाळ दिवशी झाडीत साडेपाचलाच अंधारते.

महिना सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा घ्या. वाट तेव्हाही ओलीच असते, धबधबेही पडत असतात, पण दिवसभराची संततधार कमी झालेली असते. मात्र दुपारनंतर गडगडाटी सरी येतात, म्हणून सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावरचा टप्पा सकाळीच उरका. उघड्या सड्यावर विजेच्या वेळी सगळ्यात उंच तुम्हीच असता. चतुर्थीचे दिवस टाळा. घरे पाहुण्यांनी भरलेली आणि दुकाने बंद असतात.

सरळ रेषेत गाव ते गाव जाण्यापेक्षा नेत्रावळीला दोन रात्री तळ ठेवा आणि वेर्ले, तुडव, साळजिणीकडचे फेरे तिथून मारा. एक म्हणजे अर्धे सामान खोलीवर राहते, आणि दुसरे म्हणजे पाऊस वाढला तर डांबरी रस्त्याने मागे फिरता येते. त्या रस्त्यांवरून जायला अडचण नाही, पण रस्ता सोडून नेत्रावळी अभयारण्यात शिरायचे तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे परवाना लागतो. वनखात्याच्या रेंज कार्यालयात आधी जाऊन विचारा. मोबाइलच्या नकाशावर दिसणारे खाणींचे जुने रस्ते मोहात पाडतात. तिकडे जाऊ नका. खाणी 2012 साली आणि पुन्हा 2018 साली बंद पडल्यावर कित्येक रस्त्यांची देखभाल थांबली. पावसात त्यांच्या कडा ढासळतात, आणि खड्ड्यांतले पाणी किती खोल ते वरून कळत नाही.

डिस्क ब्रेक असूनही मागच्या पावसाळ्यात उतारावर दुसऱ्याच दिवशी लीव्हर हँडलला टेकायला लागला. तेल गळत नव्हते. काय चुकले असेल? (फोंडा)

बहुधा पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या चकत्या, संपले असणार. केबलचे ब्रेक असतील तर हे हमखास असेच होते. हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये, पॅडला ढकलणारे पिस्टन आपोआप पुढे सरकत राहतात, पण पॅड झपाट्याने झिजले की त्यांनाही मर्यादा येते. आपल्या तांबड्या चिखलात बारीक कठीण कण असतात. ते डिस्क आणि पॅडच्या मध्ये सापडले की सँडपेपरसारखे घासतात. रेझिनचे पॅड अशा उतारावर एका दिवसातही संपू शकतात. नव्या पॅडवरचा थर जेमतेम 2 मिलिमीटर असतो, 1 मिलिमीटर उरला की बदलायचा.

सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे पॅड घाला. ते ओल्यात किंचाळतात, ते सहन करा. फक्त आधी डिस्कवर काय लिहिले आहे ते वाचा. स्वस्त डिस्कवर कित्येकदा ‘फक्त रेझिन पॅड’ असे कोरलेले असते, आणि सिंटर्ड पॅड तिला खाऊन टाकतात. पुढचा एक आणि मागचा एक असे दोन जादा जोड सोबत ठेवा. घरी बदलल्यावर मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस वेळा वेग घेऊन, चाक लॉक न करता ब्रेक दाबा, म्हणजे पॅड डिस्कवर बसतो. हे न करता थेट घाटात उतरलात तर पहिल्या वळणावर ब्रेक कमी पडतो.

वाटेत पॅड बदलताना सगळे चुकतात ते एका ठिकाणी. नवा जाड पॅड बसावा म्हणून पिस्टन मागे ढकलावे लागतात. त्याआधी ते स्वच्छ फडक्याने पुसा, नाहीतर चिखल सीलमध्ये जातो आणि मग खरोखरच गळती सुरू होते. ढकलायला प्लॅस्टिकचा टायर लीव्हर वापरा, स्क्रू ड्रायव्हर नको. चाक काढलेले असताना ब्रेकचा लीव्हर दाबू नका. पॅड धरणारा छोटा बोल्ट गंजून घट्ट झाला असेल तर पावसात, चिखलात तो सुटत नाही. तो घरीच एकदा काढून, किंचित ग्रीस लावून परत बसवा, आणि त्याला लागणारी ॲलन की तुमच्या किटमध्ये आहे ना ते बघा.

उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. जोराने दाबा, वेग उतरवा, सोडा. आणि कुळागरांच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांच्या सावलीतला डांबरी रस्ता कच्च्या वाटेपेक्षा जपून उतरा. तिथले शेवाळ दिसत नाही, पण साबणासारखे निसरडे असते.

टायर कोणते, हवा किती? (वाळपई)

29 इंची चाकाला 2.2 ते 2.4 इंच रुंदीचा, मोकळ्या गाठींचा टायर. फ्रेम आणि टायरमध्ये दोन्ही बाजूंनी 6 मिलिमीटर तरी जागा हवी, नाहीतर चिकट माती अडकून चाक थांबते. ट्यूबलेस असेल तर प्रत्येक टायरमध्ये 100 मिलिलिटरच्या आसपास सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव. आपल्या उकाड्यात तो दोन-तीन महिन्यांत वाळतो, म्हणून निघण्याआधी वाल्व्ह उघडून तपासा. 70 किलोच्या माणसाला सामानासकट पुढे 20-22, मागे 24-25 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप). सोबत एक ट्यूब, जुन्या टायरचा हातभर तुकडा (टायर फाटला तर आतून लावायला), चेनच्या गिअरसंख्येला जुळणारी क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी) आणि तुमच्याच मॉडेलचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो तुकडा). हा हँगर गावात मिळत नाही. चेनला ‘वेट’, म्हणजे ओल्यात टिकणारे तेल, ओहळ ओलांडला की पुसून प्रत्येक कडीवर एक थेंब.

सामान कोरडे कसे ठेवायचे? आणि तंबू न्यायचा का? (पेडणे)

‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या बॅगेवर विश्वास ठेवू नका, शिलाईतून पाणी झिरपतेच. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तोंड पिळून बांधा. झोपायचे कपडे वेगळ्या पिशवीत, आणि ती दिवसा उघडायची नाही. जड वस्तू फ्रेमच्या त्रिकोणात, हलक्या सीटखाली. पट्टे जिथे फ्रेमला घासतात तिथे चिकटपट्टी लावा, अडकलेली माती रंगासकट नळीही खरवडते. मोबाइलच्या चार्जिंग पोर्टमध्ये ओल शिरली की फोन चार्जच होत नाही. दिवसा तो पिशवीत ठेवा, आणि वाटांचा एक नकाशा कागदावर काढून घ्या.

तंबू नको. जमीन भिजलेली, वर जळवा आणि साप. गोव्यात बऱ्याच देवळांना अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या मुक्कामाच्या खोल्या आहेत. देवस्थान समितीला आधी फोन करून विचारलेत तर सोय होऊ शकते. तिथे मांस-मद्य चालत नाही. गावातली दुकाने दुपारी एकच्या सुमारास बंद होतात ती चारला उघडतात, म्हणून सकाळीच पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंडे, म्हणजे गोल पाव घेऊन ठेवा.

ओहळ ओलांडता येईल की नाही हे कसे ओळखायचे? (डिचोली)

वाहते पाणी गुडघ्यापर्यंत असेल तर थांबा, इतके पाणीही माणसाला पाडते. आकाश निरभ्र दिसले तरी वरच्या डोंगरात पाऊस पडलेला असू शकतो. पाणी अचानक तांबडे झाले, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, तर लोंढा येतोय. काठावर पाण्याच्या रेषेला एक दगड ठेवा आणि दहा मिनिटे बघा. दगड बुडाला तर मागे फिरा. पाणी वरून वाहत असलेला साकव किंवा कॉजवे कधीच ओलांडायचा नाही. सत्तरी तालुक्यात जुलै 2021 मध्ये म्हादई नदीला पूर आला, तेव्हा पाणी घरांत शिरले होते.

पाणी उथळ असेल तर पसरट जागा निवडा, अरुंद जागेत ते खोल आणि वेगवान असते. बूट घालूनच उतरा. सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा, म्हणजे लोंढ्याने ओढली तर ती तुमच्या पायांवर येणार नाही. पाठीवर पिशवी असेल तर छातीचा पट्टा सोडा. सायकल जात असेल तर जाऊ द्या.

जळवांवर मीठ टाकावे का? पाण्याचे काय? (सावईवेरे)

मीठ नको, आगही नको. जळू पोटातले ओकते आणि जखम चिघळू शकते. तिच्या बारीक टोकाखाली नख सरकवून सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतेच, ते दाबून धरा आणि साबणाने धुवा. मोजे पँटवर ओढा.

झरीचे पाणी स्वच्छ दिसले तरी उकळा किंवा क्लोरीनची गोळी घाला. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, आधी फडक्यातून गाळून निवळू द्या. पायावर जखम असेल तर चिखलात उतरण्याआधी ती पट्टीने बंद करा. लेप्टोस्पायरोसिस असाच होतो. घरी आल्यावर पंधरवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना चिखलात गेल्याचे सांगा. सत्तरीत डिसेंबर ते मे या काळात जाणार असाल तर गोचिडी आणि त्यांच्या चाव्याने होणारा माकडताप लक्षात ठेवा. रोज संध्याकाळी अंग तपासा, आणि माकड मरून पडलेले दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. अपघात झाला तर रुग्णवाहिकेसाठी 108.