'पुरस्कृत' नाटक म्हणजे नक्की कोणतं?

प्रश्न : दूरचित्रवाणीवर नाट्यपुरस्कारांचा सोहळा चालू असताना पडद्याच्या तळाशी 'यंदाची पुरस्कृत नाटकं' अशी पट्टी सरकत होती. त्यावरून प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत तीन तट पडले. एकाचं म्हणणं, 'पुरस्कृत म्हणजे प्रायोजित. वाहिनीनं स्वतःच कबुली दिली.' दुसरा म्हणतो, 'संस्कृत कोश उघडा, पुरस्कृत म्हणजे सन्मानित.' तिसऱ्याच्या मते हा हिंदीचा प्रताप. यांत बरोबर कोण? काहींनी 'सर्वोत्कृष्ट नाटक, द्वितीय'ची थट्टा केली, तर काहींनी नेपथ्याचे पुरस्कार प्रक्षेपणात गाळल्याची तक्रार. 'आणि पुरस्कार जातो अमुक यांना' हे मराठी आहे का? आणि असल्या टोमण्यांना 'प्रेक्षकांची दाद' म्हणावं का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : तिघंही थोडेथोडे बरोबर आहेत, पट्टी मात्र चुकली आहे.

'पुरस्' म्हणजे पुढे, समोर. पुरोहित, पुरोगामी, हेतुपुरस्सर ही सगळी त्याचीच प्रजा. 'पुरस्' आणि 'कृ' मिळून पुढे करणं, तेही अगदी शब्दशः. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात दिलीप राजा नंदिनी गाय चारून संध्याकाळी आश्रमाकडे परततो, तो विसावा श्लोक पाहा. गाय पुढे, राजा मागे, आणि समोरून राणी गाईला सामोरी येते. तिथे कालिदासानं गाईला 'पुरस्कृता' म्हटलंय. नंदिनीला शाल मिळाली नव्हती की श्रीफळ. राजानं तिला पुढे चालू दिलं, एवढंच. ज्याला मान द्यायचा त्याला पुढे करतात, म्हणून 'मान देणं' हाही अर्थ संस्कृतातच चिकटला. तेव्हा कोशवाल्या प्रेक्षकाचं संस्कृत चोख आहे. पण पट्टी मराठीत होती.

मराठीत 'पुरस्कार' या एका नामाला दोन क्रियापदं लागतात आणि क्रियापद बदललं की शब्दच बदलतो. 'आगरकरांनी बुद्धिप्रामाण्याचा पुरस्कार केला' या वाक्यात कोणाला स्मृतिचिन्ह मिळालेलं नाही. आगरकरांनी तो विचार उचलून धरला, त्याची बाजू मांडली. म्हणूनच आपण त्यांना सुधारणेचे पुरस्कर्ते म्हणतो. याउलट 'नाटकाला पुरस्कार दिला' म्हटलं की मंच आला, पाकीट आलं, छायाचित्र आलं. विभक्तीही बघा : करायचा तो 'नाटकाचा' पुरस्कार, द्यायचा तो 'नाटकाला'.

आता 'पुरस्कृत'मधल्या 'कृत'कडे या. कृत म्हणजे केलेलं. अंगीकार करतात म्हणून अंगीकृत, तिरस्कार करतात म्हणून तिरस्कृत, स्वीकार करतात म्हणून स्वीकृत. त्याच चालीनं ज्याचा पुरस्कार केला ते पुरस्कृत. या सगळ्या भावंडांत घरी नेऊन काचेच्या कपाटात ठेवता येतो तो एकटा पुरस्कारच, कारण 'देणं' हे क्रियापद त्याच्याच वाट्याला आलं. पण 'कृत' काही 'दत्त' होत नाही. 'दिलेल्या' पुरस्कारासाठी त्यामुळे मराठीनं वेगळा शब्द घडवला : पुरस्कारप्राप्त.

हा निव्वळ व्याकरणाचा कीस नाही. रोजच्या वापराची साक्षही तीच आहे. 'केंद्रपुरस्कृत योजना' म्हणजे केंद्र सरकारनं पैसा आणि पाठबळ पुरवलेली योजना. तिला कोणी चषक दिलेला नसतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत, म्हणून तिथे 'अमुक पक्षपुरस्कृत पॅनेल' असतं. उघड पक्षाचं नाही, पण पाठीशी पक्ष आहे. गावोगावच्या फलकांवर आणि वर्तमानपत्रांत हाच अर्थ वाचणाऱ्या प्रेक्षकासमोर तुम्ही 'पुरस्कृत नाटकं' लिहिलंत तर त्याच्या मनात पहिला प्रश्न उठणार, 'कोणी पुरस्कृत?' त्यातून सोहळ्याआधी दहा प्रायोजकांची नावं पडद्यावरून गेलेली. पहिला प्रेक्षक खवचट असेल, पण शब्दाचा अर्थ त्यानं चोख लावला. वाहिन्या आपल्याच घरच्या कलावंतांना पुरस्कार देतात हा संशय प्रेक्षकांच्या मनात असतोच. पट्टीनं त्या संशयाला आयता शब्द पुरवला.

हिंदीचा मुद्दाही खरा आहे. हिंदीत 'पुरस्कृत करना' हे सरळ क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ पुरस्कार देणं. तिथे करणं आणि देणं एकच झाल्यामुळे 'पुरस्कृत नाटक' म्हणजे पुरस्कार मिळालेलं नाटक, यात शंकेला जागा नाही. उलट आपण जिला केंद्रपुरस्कृत योजना म्हणतो तिला हिंदीत 'केंद्र प्रायोजित योजना' म्हणतात. दोन्ही भाषा आपापल्या जागी बरोबर. गोंधळ होतो तो हिंदी मजकूर समोर ठेवून मराठी पट्टी लिहिताना, कारण शब्द ओळखीचा दिसतो आणि कोणी थबकत नाही. अनोळखी शब्द असता तर दोन मिनिटं तरी विचार झाला असता.

वापरायची कसोटी सोपी आहे. 'पुरस्कृत'ला विचारावं 'कोणी?' आणि 'पुरस्कारप्राप्त'ला विचारावं 'कोणता?' तुमच्या वाक्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं असेल (शासनानं, पक्षानं, संस्थेनं) तर पुरस्कृत. दुसऱ्याचं असेल (अकादमीचा, राज्य शासनाचा) तर पुरस्कारप्राप्त. 'संस्थापुरस्कृत प्रयोग' म्हणजे संस्थेनं खर्च उचललेला प्रयोग, आणि 'पुरस्कारप्राप्त प्रयोग' हा त्याहून अगदी निराळा. सामासिक शब्द आहेत, तेव्हा मध्ये जागा न सोडता जोडून लिहावेत. 'पक्ष पुरस्कृत' असं तोडलं की वाचणारा क्षणभर पक्षालाच पुरस्कार मिळाला असं समजतो.

पट्टी लिहिणाऱ्यांची अडचण जागेची असते हे मान्य. 'पुरस्कृत' चार अक्षरांत बसतो, 'पुरस्कारप्राप्त'ला सहा लागतात. पण मग 'विजेती नाटकं' लिहा. विजेती, तीनच अक्षरं, आणि संशयाला वाव नाही. फक्त लिंग-वचन सांभाळा : विजेता अभिनेता, विजेती अभिनेत्री, विजेतं नाटक, विजेती नाटकं. 'सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पुरस्काराची विजेता' हे मंचावरून सर्रास ऐकू येतं आणि कानाला खडा लागल्यासारखं होतं.

शुद्धलेखनाचं एक सांगून टाकू, कारण पट्ट्यांवर 'पुरष्कार'ही दिसतो. हा षटकोनी ष बहिष्कार आणि आविष्कार यांच्याकडून उसना आलेला आहे. मूळ शब्द बहिः आणि आविः. विसर्गाच्या आधी इ आहे, म्हणून तिथे ष. उ असला तरी षच : दुष्कर, चतुष्कोण. पुरः, नमः, तिरः यांत विसर्गाआधी अ आहे, म्हणून पुरस्कार, नमस्कार, तिरस्कार. नमस् आणि पुरस् या जोडीसाठी पाणिनीनं स्वतंत्र सूत्रच दिलंय (8.3.40). आणि पहिला 'पु' ऱ्हस्व; 'पूरस्कार' लिहिलं की डोळ्यांसमोर मुठेचा पूर येतो.

पुरस्कार, पारितोषिक आणि बक्षीस यांची सरमिसळही याच सोहळ्यांत होते. स्पर्धेत उतरून, प्रवेशिका भरून, परीक्षकांसमोर प्रयोग करून मिळवायचं ते पारितोषिक. परितोष म्हणजे समाधान, तेव्हा परीक्षक संतुष्ट झाल्याची ती खूण. न मागता, आजवरच्या कामाबद्दल मिळतो तो पुरस्कार. म्हणून 'जीवनगौरव पुरस्कार' असतो, 'जीवनगौरव पारितोषिक' नसतं. रेषा काटेकोर नाही, नोबेलला लोक दोन्ही म्हणतात, पण नाटकाच्या जगात ती बऱ्यापैकी पाळली जाते. बक्षीस फारसीतून आलेलं, शाळेच्या स्नेहसंमेलनात शोभणारं. घर किंवा जमीन विनामोबदला देतानाच्या 'बक्षीसपत्रा'तही ते मुरलंय.

पुण्यात चौथा शब्द आहे आणि तो सगळ्यांत गोड आहे : करंडक. संस्कृतात करंडक म्हणजे लहानशी पेटी किंवा टोपली. कुंकवाचा करंडा त्याच घरातला. इंग्रजी चषकाला मराठी नाव देताना हा शब्द कामाला लागला आणि महाराष्ट्रीय कलोपासक या पुण्यातल्या संस्थेनं 1963 साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेनं तो महाविद्यालयांच्या तोंडी कायमचा बसवला. भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा'च्या आरोळ्या देणाऱ्या मुलांना करंडा म्हणजे काय हे ठाऊक नसेल, करंडक मात्र पक्का ठाऊक असतो. आणि करंडक दर वर्षी कोणाला तरी मिळतोच असं नाही, हे 2022 साली सगळ्यांना कळलं : अंतिम फेरीतली एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असं परीक्षकांनी ठरवलं आणि करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर उमटलेल्या प्रतिक्रिया कोणत्याही वाहिनीच्या सोहळ्यापेक्षा तिखट होत्या.

'सर्वोत्कृष्ट नाटक, द्वितीय' याबद्दल थोडक्यात : सर्वांत उत्कृष्ट एकच असू शकतं. क्रमांक लावायचे असतील तर 'उत्कृष्ट नाटक, द्वितीय' म्हणा. याला हसणारे प्रेक्षक बरोबर हसतात.

आता 'आणि पुरस्कार जातो…' इंग्रजी सोहळ्यातलं वाक्य जसंच्या तसं उचललंय. मराठीत पुरस्कार मिळतो, लाभतो, दिला जातो, जाहीर होतो. नुसता 'जातो' म्हटलं की हातातून निसटल्याचा भास होतो : संधी जाते, वीज जाते, नोकरी जाते. 'पुरस्कार गेला' हे तर हरलेल्याचं वाक्य. निवेदकाला पाकीट फोडताना उत्कंठा ताणायची असते आणि नाव शेवटी यायला हवं असतं, ही गरज मात्र खरी आहे. इंग्रजी वाक्यात नाव आपसूक शेवटी येतं. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे 'पुरस्कार अमुक यांना मिळाला आहे' म्हटलं की नावानंतर शेपूट उरतं आणि तोवर टाळ्या सुरू झालेल्या असतात. यावर मराठीत तयार तोडगा आहे : 'या पुरस्काराचे मानकरी आहेत…' आणि मग नाव. मानकरी हा पालखीचा, गावजत्रेचा, लग्नातल्या मानपानाचा शब्द. मानाच्या गणपतींच्या गावाला तो शिकवावा लागू नये. एकच पथ्य : नाटक मानकरी नसतं, माणसं असतात. नाटकासाठी 'यंदाचं सर्वोत्कृष्ट नाटक आहे…' पुरेसं आहे.

जाता जाता, 'नेपथ्य'. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा आणि नटाचा वेशही. म्हणून तर 'नेपथ्यातून आवाज येतो'. आज आपण रंगमंचावरच्या देखाव्याला नेपथ्य म्हणतो. मागे होतं ते पुढे आलं, म्हणजे नंदिनीच्या अर्थानं पुरस्कृत झालं. प्रक्षेपणाच्या संपादनात कात्री लागते तेव्हा मात्र नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगभूषा यांचे पुरस्कार बऱ्याचदा पहिले गळतात आणि ते पुन्हा मागे जातं. प्रतिक्रियांमधली ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे.

राहिली दाद. फारसीत 'दाद' म्हणजे न्याय. मराठीत तिचाही सगळा खेळ क्रियापदावर चालतो. दाद देणं म्हणजे वाहवा करणं, गुणाला न्याय देणं. दाद मागणं म्हणजे अन्यायाविरुद्ध गाऱ्हाणं घालणं, आजही न्यायालयात मागतात ती हीच. 'दाद देत नाही' म्हणजे जुमानत नाही, आणि 'दाद लागू न देणं' म्हणजे पत्ता लागू न देणं. बालगंधर्व रंगमंदिरात बसलेला प्रेक्षक प्रयोगाला दाद देतो. सोहळा घरी पाहून 'माझ्या आवडत्या नाटकाला का डावललं' असं लिहिणारा दाद मागतो. तेव्हा 'प्रेक्षकांची दाद' असं मोघम लिहू नका, क्रियापद जोडा. वाहिनी त्या मागणीला काही दाद देते का, ते पुढच्या वर्षी कळेलच.