'तमाशा केला' म्हणजे नक्की काय केले?

आंदोलनाचा भाग म्हणून एखादा कलावंत चौकात स्वतःच्या देहानिशी जी कृती करतो, तिला मराठीत 'पथनाट्य' म्हणावे की 'सादरीकरण-कला', आणि अशा कृतीला कोणी 'तमाशा' म्हटले तर तो शब्द अपमानकारक मानावा का, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. पहिल्या दोन शब्दांचा निकाल लवकर लावता येतो. तिसऱ्यावर मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तो ज्या तुच्छतेने वापरला जातो ती ऐकून कान किटले आहेत.

'पथनाट्य' हा चांगला शब्द आहे, म्हणूनच तो वाटेल तिथे चिकटवू नये. पथनाट्यात पात्रे असतात, संवाद असतात, कोणी सावकार झालेला असतो तर कोणी फौजदार. वाचकाने वर्णिलेली कृती ज्या कलाप्रकारात मोडते त्या परफॉर्मन्स आर्टमध्ये कलावंताला दुसरे कोणी व्हावेच लागते असे नाही. गेझी उद्यानातील आंदोलकांना पोलिसांनी हुसकावून लावल्यानंतर, १७ जून २०१३ रोजी संध्याकाळी, इस्तंबूलच्या तक्सीम चौकात एर्देम गुंदुझ हा नर्तक पायाशी पिशवी ठेवून आणि हात खिशात घालून तासन्‌तास नुसता उभा राहिला. त्याने तोंडातून अक्षर काढले नाही की कोणाची भूमिका वठवली नाही. तरीही हळूहळू अनेक माणसे येऊन त्याच्यासारखीच उभी राहिली आणि त्यांपैकी काहींना पोलिसांनी ताब्यातही घेतले. याला पथनाट्य म्हणणाऱ्या वार्ताहराने त्यातला एक तरी संवाद उद्धृत करून दाखवावा.

'सादरीकरण-कला' हा तर कार्यालयात घडलेला शब्द आहे. अर्ज सादर होतो, हिशेब सादर होतो, अहवाल सादर होतो, आणि तो नेहमी वरिष्ठांपुढे होतो. सत्तेला जाब विचारणारी कृती सत्तेला 'सादर' करायची, ही कल्पना ज्या परिभाषाकारांना खटकली नाही त्यांच्या कानांविषयी काय बोलावे?

आता 'तमाशा'. लोकनाट्याचा प्रकार आणि चारचौघांत झालेली शोभा, हे दोन्ही अर्थ सर्वांना ठाऊक असल्यामुळे ते सोडून देतो. अरबीत 'मशा' म्हणजे 'तो चालला'. त्याच धातूच्या परस्परतादर्शक रूपापासून बनलेल्या नामाचा अर्थ होतो 'बरोबरीने चालणे'. फारसीने ते नाम उचलताना शेवटच्या ईकाराचा आकार केला आणि 'तमाशा' हे रूप सिद्ध झाले. मग अर्थ सरकत गेला: मिळून फेरफटका मारणे, फेरफटक्यात दिसेल ते पाहणे, आणि शेवटी पाहण्याजोगी गोष्ट. फेडणे या अर्थाच्या अरबी धातूपासून, याच साच्यातून आणि याच फारसी वळणाने, आपल्याकडे आणखी एक शब्द आला आहे, तो म्हणजे 'तगादा'. देणे चुकवा म्हणून पिच्छा पुरवणारा तगादा आणि चारचौघांनी मिळून चालण्याचा तमाशा ही व्याकरणाच्या दृष्टीने सख्खी भावंडे आहेत, याचा मला होणारा आनंद लपवण्याचे कारण दिसत नाही. 'तमाशा'चे मूळ संस्कृतात शोधणाऱ्या पंडितांनी आधी 'तगाद्या'चे मूळ तिथे दाखवावे, मग पुढे बोलू.

चालणे आणि तगादा एकत्र पाहायचे असतील तर मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला सिटीत २००३ साली रेगिना होसे गालिंदो या कलावंत स्त्रीने काय केले ते पाहावे. ज्याच्या राजवटीत तिथल्या 'माया' या मूळनिवासी जनतेची कत्तल झाली तो माजी हुकूमशहा एफ्राइन रिओस माँत याला अध्यक्षपदाची निवडणूक लढवण्याची मुभा घटना न्यायालयाने दिली होती. काळा पोशाख केलेली गालिंदो मानवी रक्ताचे घमेले हातात घेऊन त्या न्यायालयापासून राष्ट्रीय प्रासादापर्यंत अनवाणी चालत गेली. वाटेत ती थांबे, घमेले खाली ठेवी, त्यात पाय बुडवी आणि पुन्हा चालू लागे. मागे फरशीवर पावलांचे ठसे उमटत जात. 'न्यायालयासमोर तमाशा' असा मथळा कोणी दिला असता, तर देणाऱ्याच्या मनात काहीही असो, शब्द नेमका पडला असता.

यापुढचे माझे मत काहींना धाडसाचे वाटेल. आजच्या फारसीत 'तमाशागर' म्हणजे प्रेक्षक, आणि मराठीत 'तमासगीर' म्हणजे तमाशा करणारा. 'गर' आणि 'गीर' हे प्रत्यय वेगळे आहेत असा आक्षेप येईल. तो मला ठाऊक आहे आणि मी त्याला फारसे महत्त्व देत नाही, कारण अर्थाने मारलेली उडी प्रत्ययाहून कितीतरी मोठी आहे. पाहणारा करणारा झाला! ब्राझीलचा नाट्यकर्मी आउगुस्तो बोआल याने, प्रेक्षकाने 'थांबा' म्हणून नटाची जागा घ्यावी आणि अन्यायाच्या प्रसंगाला स्वतः वेगळे वळण देऊन पाहावे, असा प्रयोगप्रकार रूढ केला, आणि अशा प्रेक्षकासाठी त्याला प्रेक्षक व नट हे शब्द जोडून नवा शब्द घडवावा लागला. मराठीजवळ तो आधीच होता. १९६४ साली जपानमधील क्योटोत योको ओनो ही कलावंत मंचावर निश्चल बसली, पुढे कात्री ठेवली आणि प्रेक्षकांनी एकेकाने येऊन तिच्या अंगावरील कपड्याचा तुकडा कापून न्यावा असे सुचवले. त्या सभागृहात जो जो कात्री उचलून पुढे आला तो तो, शब्दाच्या दोन्ही अर्थांनी, तमासगीर होता.

मूळ प्रश्न राहिलाच. कलाप्रकाराचे नाव 'परफॉर्मन्स आर्ट' असे उसनेच राहू द्यावे, त्याने मराठी बाटत नाही. त्यातील एकेका प्रसंगाला साधे 'कृती' म्हणावे, आणि तिचे क्रियापद 'सादर करणे' न ठेवता 'करणे' ठेवावे: गालिंदोने ही कृती २००३ साली केली. ज्यांना 'तमाशा' म्हणायचे आहे त्यांनी खुशाल म्हणावे, फक्त वाक्याच्या शेवटी नाक मुरडू नये.